पुढ्यात येऊन बसावं

मूलच्या स्टेशनावर छोट्या गाडीतून उतरताना नीलाला तीन गोष्टी सांभाळायच्या होत्या. कडेवरची दहा महिन्यांची कुमुद, खांद्यावरची दुपट्यांची पिशवी आणि मनकर्णाआत्या. त्यात आत्याच सगळ्यात अवघड. कुमुद निदान कडेवरून पळून जाऊ शकत नव्हती.

"उतर आत्या. हळू. पायरी उंच आहे."

"नागभीड आलं?"

"नाही. मूल आलंय."

"मंग काऊन उतरून राह्यलो आपन? कोसे उकळत ठेवले ना मी. पानी आटन."

नीलानं तिला दंडाला धरून खाली उतरवलं. आत्याचा चुलीवरचा हंडा उतरला त्याला पाच वर्षं झाली होती, पण हे सांगून काही उपयोग नसे. सांगितलं की आत्या घाबरी होई, आणि दहा मिनिटांनी पुन्हा हंडा चुलीवर चढे.

बाहेर एकच टांगा उभा होता. टांगेवाले बाबूभाई घोड्याच्या तोंडाशी हिरवं गवत धरून बसले होते. नीलानं पत्ता सांगितला तशी त्यांनी आत्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"गिरणीवाल्या शेठच्या बुढ्ढ्यांच्या घरी? हाव, चला. त्या रस्त्याले माझा घोडा आपल्या मनानंच वळते. जाताना तीन सवारी, येताना दोन."

"आम्ही नुसतं बघायला आलोय," नीला जरा तोडूनच म्हणाली.

"बघायलेच येतात बाई सगळे." बाबूभाईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली. "बसा. लेकराले वाऱ्यापासून झाका, थंडी लय आहे आज."

धानाची कापणी होऊन गेली होती. बांध्यांमध्ये नुसती खुंटं उरली होती आणि खळ्यांवर मळणी चालली होती. गावाबाहेरच्या गिरणीत धान उकळायला घातलं असावं. त्याचा ओलसर, आंबूस वास रस्त्यावर आला. आत्यानं नाक वर केलं.

"कोनाचे कोसे चढले व आज?"

त्या एका प्रश्नासरशी नीला मनानं टांग्यातून उठून नागभीडच्या, आपल्या माहेरच्या कोष्टीपुऱ्यात जाऊन बसली. खरंच, वास थोडा तसाच होता. राखेच्या पाण्यात कोसे, टसर रेशमाचे कोष, उकळायला लागले की सगळ्या आळीत असा वास भरे, की नवा पाहुणा नाकाला पदर लावी. नीलाला मात्र कॉलेजात असताना नागपूरच्या वसतिगृहात पहिले दोन महिने त्या वासावाचून झोप लागली नव्हती. दिवाळीनंतर सिंदेवाहीकडचे ढिवर जंगलातून टोपल्या भरभरून कोसे घेऊन येत. ऐनाच्या झाडावर किडे पोसून, पाखरांना हाकलत, महिनामहिना रानात राहून दाढ्या वाढलेली ती माणसं अंगणात उकिडवी बसत. आत्या एकेक कोसा कानाशी धरून हलवून बघे. मग नीलाच्या कानाशी धरी. "ऐक, आत बसून बोलून राह्यला तो." आत काहीतरी खुळखुळे. नीलाला वाटे, तो तिच्याबद्दलच काही सांगतोय.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. पंधराव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आली ती भावाच्या घरात एका कोपऱ्यात राखेचं मडकं घेऊन बसली. नीला दोन वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हा आत्यानं मडक्याच्या एका बाजूला तिला बसवून घेतलं. चार-पाच कोशांची टोकं एकत्र धरायची, उघड्या डाव्या मांडीवर तळहातानं वळायची आणि उजव्या हातानं फिरकीवर गुंडाळायची. सर्र, सर्र. त्या आवाजात नीला झोपली, त्या आवाजात तिनं पाढे पाठ केले, मॅट्रिक झाली. बी. ए.ची परीक्षा द्यायला ती निघाली तेव्हा आत्याच्या डाव्या मांडीवरची कातडी घासून घासून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. आळीतल्या बाया हसत, "तुह्या मांडीवर पोरगी वकील होते का व मनकर्णे?" आत्या म्हणे, "होऊ दे की. तुमचे भांडणं तोडायले कोनी त पाहिजे."

वडील गेल्यावर नीलानं तिला घुग्घुसला आणलं. नवरा तिथल्या कोळशाच्या खाणीत टाइमकीपर, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर, समोर धूळ आणि मागे सायडिंगचे रूळ. पहिले काही महिने बरे गेले. मग आत्या वस्तू कुठे ठेवल्या ते विसरायला लागली, मग माणसं. हात मात्र काही विसरले नव्हते. कुठेही सुटा धागा दिसला की ती बसे आणि ओढायला लागे. चादरीच्या कडा गेल्या, शेजारच्या बाईंचा मफलर गेला. नीलानं कुमुदसाठी विणलेला पिवळा स्वेटर तिनं पोरीच्या अंगावरच उसवला. नीला येऊन बघते तो कुमुद दोन बाह्या घालून खुशीत बसलेली. त्या दिवशी नवरा-बायको पोट धरून हसले होते.

हसणं तिथेच संपलं. दसऱ्याच्या सुमाराला आत्या कुमुदला उचलून घेऊन गेली आणि सायडिंगच्या दोन रुळांच्या मधे मांडी उघडी टाकून बसली. पोर बाजूला गिट्टीवर. डबे ढकलत इंजिन मागे येत होतं. पॉइंट्समननं दोघींना ओढून बाहेर काढलं. खाणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की म्हातारपणी काही माणसांचं डोकं असंच विझत जातं, त्याला औषध नाही. नवरा रागावला नाही. एवढंच म्हणाला, "नीला, पुढच्या वेळी पॉइंट्समन तिथे असेलच असं नाही." मग त्याला कुणीतरी मूलच्या ह्या वृद्धसदनाची माहिती दिली.

तेव्हापासून नीलाला झोप नव्हती. पोरीचा जीव एका बाजूला आणि जिनं आपल्याला पोसलं तिला कुठे नेऊन ठेवायचं हे दुसऱ्या बाजूला. तिनं कुमुदच्या औषधांच्या वहीत शेवटच्या पानावर अकरा प्रश्न लिहून काढले होते. त्यातल्या एकाचंही उत्तर वाईट आलं तर आत्याला घेऊन परत फिरायचं, असं ठरवून ती निघाली होती.

सदन म्हणजे धान साठवायची जुनी लांबट कोठी होती. तिला खिडक्या पाडून, पुढे ओसरी काढून, भोवती अंगण आणि उंच कुंपण केलं होतं. फाटकाशी तिथल्या म्हाताऱ्यांचं सगळं करणारी गुणाबाई आली. पन्नाशीची, काळी, रुंद हाडाची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिनं आधी आत्याच्या पायांवर कोमट पाणी घातलं, मग नीलाला तांब्या दिला. आत्याचे पाय धुताना ती घोट्यापाशी क्षणभर थबकली होती.

व्यवस्था पाहणारे सोमाजी मास्तर तीस वर्षं प्राथमिक शाळेत हेडमास्तर होते. शाळा सुटली, पण सवय सुटली नव्हती. भिंतीवर वेळापत्रक होतं, दाराशी घंटा होती आणि काखेत हजेरीचं रजिस्टर.

"विचारा, काय विचारायचं ते," ते प्रसन्नपणे म्हणाले. "पालकांनी विचारलंच पाहिजे."

पालक! नीलाला तो शब्द टोचला आणि पटलाही. तिनं वही काढली. पाणी कुठल्या विहिरीचं? रात्री कोण जागतं? डॉक्टर किती दिवसांनी येतो? विचारता विचारता तिचे डोळे स्वतःचीच तपासणी करत होते. तिनं एका गादीचा कोपरा उचलून वास घेतला. उन्हाचा वास होता. माठावर झाकण होतं. म्हाताऱ्यांची नखं कापलेली होती. संडासाच्या वाटेवर धरायला बांबू बांधला होता.

ओसरीवर एक उंच, वाकलेला म्हातारा एकदम ओरडला, "लाकूड पडते! बाजूले व्हा!"

कुमुद दचकून आईला बिलगली. गुणाबाई हातातल्या सुपासकट दोन पावलं बाजूला सरली. "झाली बाजूले, इसरूभाऊ. पाडा आता." म्हातारा समाधानानं खाली बसला. "जंगलात झाडं तोडे तो," गुणाबाई नीलाला म्हणाली. "दिवसातून पाच-सहा झाडं पाडते. आपलं सरकायचं, काय जाते?"

नीलानं पुढचा प्रश्न विचारायच्या आधी गुणाबाईकडे एकदा नीट पाहिलं.

आत्या तेवढ्यात ओसरीच्या टोकाला जाऊन बसली होती. तिथे धानाचं एक फाटकं पोतं पडलं होतं. तिनं त्यातून तागाची दोरी ओढून काढली, मांडी उघडी केली आणि तिचा हात चालू झाला. चेहऱ्यावरची सगळी घालमेल निवली. नीला लांबून बघत राहिली. असा चेहरा तिनं घुग्घुसला आल्यापासून पाहिला नव्हता.

साडेअकराची घंटा झाली. सोमाजी मास्तरांनी रजिस्टर उघडून नावं घ्यायला सुरुवात केली. "जंगू!" "हाव." "मुखरू!" "आहे ना बाप्पा, कुठी जातो?" "आशाबाई!" कुणी हात वर करी, कुणी खोकून दाखवी. शेवटी पाहुणीला मान द्यावा म्हणून मास्तरांनी आत्याच्या पाठीमागे उभं राहून खणखणीत आवाजात नाव घेतलं, "मनकर्णाबाई!"

हात चालत राहिला.

"मनकर्णाबाई! अहो, मनकर्णाबाई!"

आत्या ताडकन उठली. दोरी हातातून गळाली. "तुटला! तुटला व माय! कोनं बोलावलं? कोनं?" तिनं दोन्ही हात झाडले आणि ती सैरावैरा फाटकाकडे धावली. कडी लावलेली होती. ती पट्ट्यांवर थडाथडा हात मारायला लागली. कुमुदनं भोकाड पसरलं. नीला पोरीला घेऊन तिच्यामागे धावली, "आत्या! अगं आत्या!"

दुसरी हाक मारून होते तोच नीला अंगणाच्या मधोमध थांबली.

कोष्टीपुऱ्यात लहानपणी यासाठी तिला एकदाच मार बसला होता. कोसा काढत असलेल्या बाईला मागून हाक मारायची नाही. ती दचकली की धाग्याचं टोक हातून निसटतं, आणि कोशातून पुन्हा ते शोधायला अर्धा दिवस जातो. कितीही घाई असो, वळसा घालून जायचं, तिच्या पुढ्यात मडक्याशी बसायचं आणि गप्प राहायचं. तिचा कोसा संपला की ती मान वर करते. मग बोलायचं. मालगुजाराचा माणूस निरोप घेऊन आला, तरी तोसुद्धा असाच बसे. आळीतल्या चार वर्षांच्या पोरालाही हे सांगावं लागत नसे.

आणि घुग्घुसच्या त्या दोन खोल्यांत ती स्वतः सकाळपासून रात्रीपर्यंत काय करत होती? आत्या, तिकडे नको. आत्या, ते ओढू नकोस. आत्या, बस खाली. सगळं मागून, चुलीपाशी उभं राहून, हातात लाटणं धरून. दसऱ्याच्या त्या दिवशीही आत्या मागच्या दाराशी कुमुदला घेऊन शांत बसली होती. नीलानंच स्वयंपाकघरातून ओरडून हाक मारली होती. त्यानंतरच दार वाजलं होतं.

फाटकाच्या बाजूला उंचावर कडी असलेला एक लहान दिंडीदरवाजा होता. नीला त्यातून बाहेर गेली, वळसा घालून फाटकासमोर आली आणि धुळीतच मांडी घालून बसली. कुमुदला तिनं पदराखाली घेतलं, तशी ती गप्प झाली. टांग्यावर बसलेले बाबूभाई बिडी विझवून बघत राहिले. मास्तर काही बोलायला पुढे झाले, तर गुणाबाईनं त्यांचा सदरा ओढला.

आत्यानं आणखी दोन-तीनदा फाटक हलवलं. मग तिची नजर खाली आली. तीही फाटकाच्या आत खाली बसली. लुगडं वर सारलं. हातात काही नव्हतं, तरी बोटांनी टोकं जुळवली आणि तळहात मांडीवर फिरला. सर्र, सर्र. नीलानं पायाला मुंग्या आल्या तरी हालचाल केली नाही. एक कोसा किती वेळ चालतो हे तिला आठवत होतं. लहानपणी तेवढ्यात तिचे तेराचे आणि चौदाचे पाढे होत.

शेवटी आत्यानं हात झटकला आणि मान वर केली.

"काय व पोरी, कवाची बसली?"

"आत्ताच आले."

"कोनाची तू?"

नीलानं वडिलांचं नाव सांगितलं. "सदाशिव कोष्ट्यांची."

"माह्या भावाची?" आत्या हसली. "नाई व. त्याची पोरगी त नागपूरले आहे, कॉलेजात. लय हुशार. तुह्याएवढीच असन. येईन ती सुट्टीत. आली की तुले दाखवीन, इंग्रजी कशी वाचते त."

नीला पोरीच्या जावळावर हनुवटी टेकून नुसती हो, हो म्हणत राहिली.

गुणाबाई नंतर तिला विहिरीच्या कट्ट्यावर घेऊन गेली. आत्या ओसरीवर परत पोत्याशी बसली होती.

"एक विचारू बाई? राग नका मानू." गुणाबाईनं आवाज खाली घेतला. "बुढीच्या पायाले काचा कायचा आहे?"

नीला ज्या प्रश्नाला घाबरत होती तो तिच्या वहीत नव्हता. तिनं विहिरीत पाहिलं.

"मी बांधते. पोरीला आंघोळ घालताना, स्वयंपाक करताना. खिडकीच्या गजाला. आधी जुन्या साडीनं बांधायची. ती साडी उसवायला लागली, मग दोरीनं." मग ती घाईघाईनं म्हणाली, "ह्यांना माहीत नाही."

गुणाबाईनं तोंडातून च्च केलं, पण ते दोष देणं नव्हतं. "लेकरू तान्हं आहे तुमचं. दोन हातांनी किती धरान?"

"तुम्ही बांधता का?"

"नाई. फाटक लावतो. आतमंदी कुठीबी फिरा, पोतं उसवा, झाड पाडा. पन फाटक लावतो ना, ते बी बांधल्यासारखंच झालं म्हना."

"आणि तिला बोलवायचं असलं तर पुढ्यात येऊन बसाल? आत्ता मी बसले तशी?"

गुणाबाईनं ओसरीवरच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "खोटं नाई सांगत. एकोणीस जन आहेत, अन् मी आन् बुधरी, दोघीच. सकाळी बसीन. सांजच्याले बसीन. पन दुपारी वाढायच्या वक्ताले मले टाइम नाई भेटनार. मागूनच बोलावीन, अन् ते चिडन. मंग मी सरकीन बाजूले, इसरूभाऊच्या लाकडासारखी."

कुणी 'हो, हो, नक्की' म्हटलं असतं तर नीला आत्याला उचलून स्टेशनावर गेली असती. तिनं वही मिटली. गुणाबाईचे हात दोन, स्वतःचे दोन. इथे फाटक होतं, तिथे गज आणि दोरी. मनाचा काटा कुठे झुकतोय ते तिला कळलं, आणि कळलं म्हणून तिला रडू आलं.

सोमाजी मास्तर कानकोंडे होऊन जवळ आले. "माझी चूक झाली. शाळेत सगळ्यांना एकाच आवाजात बोलवायची सवय." त्यांनी रजिस्टरच्या कडेला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि तिला दाखवलं. 'पुढ्यात येऊन. उत्तराची घाई नाही.' अक्षर वळणदार होतं, फळ्यावरच्यासारखं.

"होळीपर्यंत ठेवते," नीला म्हणाली. "दर पंधरा दिवसांनी मी येणार. दुपारच्या वेळीच येणार."

"दुपारीच या. वाढायले मदत होईन," गुणाबाई म्हणाली.

जेवणाची पंगत ओसरीवर बसली. बुधरीनं पत्रावळ्या मांडल्या. नव्या तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची रसाची भाजी. परतीच्या गाडीला अजून वेळ होता, पण नीलाला पंगतीत बसवत नव्हतं. ती पिशवी उचलून खांबाशी उभी राहिली, निरोप कसा घ्यायचा याचा विचार करत. आत्या हात धुऊन आली आणि तिच्या समोर उभी राहिली.

"अवं, उभी काऊन? जेवल्याबिगर कोनी जाते का माह्या घरून?" ती वळून गुणाबाईला म्हणाली, "हिले आधी वाढ. दुरून आली पाहुनी. लेकराची माय आहे."

गुणाबाईनं लगेच नीलासमोर पत्रावळ ठेवली. नीला बसली. शेजारी जंगू, पलीकडे इसरूभाऊ, आणि ह्या बाजूला यजमानीण होऊन बसलेली तिची आत्या, वाढणाऱ्यांना कुठे काय कमी आहे ते सांगत होती.

कुमुद मांडीवरून भाताकडे झेपावली. आत्यानं चार शितं घेतली, वरणात भिजवली, दोन बोटांत अगदी लोण्यासारखी मऊ मळली आणि पोरीच्या ओठाशी धरली. नीलाची नजर सवयीनं आधी त्या बोटांवर गेली. हात नीट धुतला गेला नव्हता. नखाशी तागाचा एक बारीक धागा चिकटलेला होता. कुमुदनं आ केला. नीलानं आत्याच्या हातांसाठी पाणी मागायला उघडलेलं तोंड मिटलं आणि स्वतःच्या भातात हात घातला.